विसर्जनाहून येताना पोरगा अर्ध्या चढावर बसला. १० वर्षांच्या मुलाचा स्टॅमिना कसा वाढवायचा?

कुर्टीची_आई

नमस्कार मंडळी, पोस्ट लांबणार आहे, आधीच सॉरी. आम्ही फोंड्याला फ्लॅटमध्ये राहतो, दोघंही पणजीला नोकरीला, मुलगा पाचवीत, १० पूर्ण झालीत. चवथीला सत्तरीत गावच्या घरी गेलो होतो, पाच दिवसांचा गणपती, विसर्जन व्हाळावर (ओढ्यावर). घरापासून फार तर अर्धा किलोमीटर, जाताना उतार येताना चढ. परत येताना रिकामा पाट, त्यावर मूठभर वाळू, तो आणायचा मान यंदा आमच्या चिरंजीवांना. अर्ध्या चढावर चिऱ्यांच्या गडग्यावर बसला तो बसलाच, तोंड लालबुंद, शेवटी पाट घेऊन गेली कोण तर त्याची सात वर्षांची चुलत बहीण! सगळे हसले, तोही हसला. पण रात्री सोप्यावर मला हळूच विचारतो, आई मी जाड आहे म्हणून बसलो का गं. काय सांगायचं कळेना, झोप म्हटलं.

मागच्या महिन्यात शाळेत फिटनेस टेस्ट झाली होती त्यातही ६०० मीटर त्याने चालतच पूर्ण केलं, पोटाचे व्यायाम जेमतेम चार. वजन ४६ किलो, उंची १४० सेंमी. मानेच्या मागे काळा पट्टा आलाय, सासूबाई म्हणतात अंघोळ नीट करत नाही, दर रविवारी बेसन लावून नारळाच्या सोडणाने घासतात आणि तो बोंबलतो. चष्मापण लागला यंदा.

दिवस कसा जातो ते सांगते. दीडला शाळा सुटते, जेवण, मग मोबाइल (घरी फक्त आजी, ती तरी किती ओरडणार), चारला ट्यूशन, सहाला घरी, होमवर्क, आम्ही पोचतो साडेसातला. रविवारी मॉल नाहीतर नातेवाईक. बाहेर खेळ असा शून्य. बिल्डिंगमध्ये मुलं आहेत पण खाली पार्किंग आहे आणि पार्किंगमध्ये बॉल मारला की सोसायटीचा माणूस वर येतो.

आता घरात तीन पर्याय चाललेत. १) स्विमिंग २) फुटबॉल कोचिंग ३) खालच्या जिमचा ट्रेनर म्हणतो दहाव्या वर्षापासून घेतो. नवऱ्याला जिम पटलंय, शेजारीण म्हणते वजनं उचलली की उंची खुंटते. शिवाय सकाळचा पोदेराकडचा पाव बंद करावा का? आणि पाऊस अजून जात नाहीये त्याचं काय? कोणी यातून गेलं असेल तर सांगा प्लीज.

डिचोलकर_७७

ताई उगाच टेन्शन घेताय. आम्ही पण लहानपणी गुबगुबीत होतो, वयात आलो की आपोआप ताणले गेलो. भात कापून झालं की शेतात दोन दगड गोलपोस्ट आणि अंधार होईपर्यंत फुटबॉल, कोण कोचिंग आणि कोण काय. पोरांना मोकळं सोडा एवढंच.

कुर्टीची_आई

भाऊ कुठे सोडू? शेत कुठे आहे? खाली उतरलं की हायवे, रेंट अ कारवाले टुरिस्ट कुठून कसे येतील पत्ता नाही.

शिट्टीवाले_सर

बाईंचं बरोबर आहे. डिचोलकर, तुम्ही ज्या शेतात खेळलात त्यात आज काय उभं आहे ते एकदा जाऊन बघा.

मी ३१ वर्षं पीटी शिकवली, आता रिटायर. पहिलं, त्या टेस्टचं मनावर घेऊ नका. ही खेलो इंडियाची पद्धत आहे, चौथीपासून पुढे वजन-उंची, ५० मीटर धाव, ६०० मीटर धाव किंवा चाल, बसून पुढे वाकणं, पोटाचे व्यायाम, पुशअप्स असं असतं. टेस्टमध्ये ६०० मीटर चालायला परवानगीच आहे, चाललो म्हणजे नापास नाही. मुलाची तुलना वर्गाशी करायची नाही, त्याच्या स्वतःच्या मागच्या आकड्याशी करायची. शाळा काय करते तर आकडे भरून अ‍ॅपवर चढवते आणि विषय संपला. माझ्या वेळी तर युनिट टेस्ट जवळ आली की गणिताचे शिक्षक पीटीच्या तासाला दारात खडू घेऊन उभे, मी किती भांडलो, शेवटी हेडमास्तर म्हणाले सर तुमचा विषय पेपरात येत नाही.

असो. आता मुलाकडे. ६०० मीटरला दहा वर्षांची मुलं काय करतात, शिट्टी वाजली की पहिले शंभर मीटर सशासारखी सुटतात, दुसऱ्या वळणावर पोटात कळ, मग चालतात. त्याला दम कमी आहे हे खरं, पण अर्धी गोष्ट दम वाटून वापरण्याची आहे आणि ती आजवर त्याला कोणी शिकवलेली नाही.

कॉलनीच्या आतल्या रस्त्याला विजेचे खांब असतीलच. एक खांब धाव, दोन खांब चाल. वीस मिनिटं. दोन आठवडे एवढंच. मग एक धाव एक चाल, मग दोन धाव एक चाल. स्पीड कसा ठरवायचा तर धावताना त्याला आरती म्हणायला सांगा. सुरात सुखकर्ता म्हणू शकला तर फारच हळू चाललाय, शाळेचं नाव विचारलं तर तेही सांगता येईना तर फार जोरात, हळू करा. दोन वाक्यं बोलता यावीत पण गाणं जमू नये, तो स्पीड बरा.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये जे सांगितलं ते असं की ५ ते १७ वयाला आठवड्याच्या सरासरीने रोज ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल हवी, आणि आठवड्यातून निदान ३ दिवस त्यात जोराचं आणि हाडा-स्नायूंना ताण देणारं काहीतरी. पालक हे साठ मिनिटं ऐकूनच गार होतात. अहो एका दमात करायचं नाही, सकाळी दहा, संध्याकाळी तीस, जिने, दोरी, सगळं धरायचं. शून्यावरून वीसवर आला तरी पहिल्या महिन्यात मी खूश.

जिमबद्दल. वजनं उचलल्याने उंची खुंटते हे खरं नाही. चुकीच्या पद्धतीने जड उचललं तर दुखापत होते, हे खरं. पण दहा वर्षांच्या पोराला आरसे आणि मशीनमध्ये कोंडून काय मिळणार, आठ दिवसांत कंटाळेल. त्याला लोंबकळू दे, भिंतीवर चढू दे, रस्सीखेच खेळू दे, तीच त्याची वजनं. आणि ट्रेनरने प्रोटीन पावडरचा डबा पुढे केला तर उठून या.

स्विमिंग उत्तम, भारी अंगाच्या मुलाला तर फारच, पाणी वजन पेलतं म्हणून गुडघे-घोटे दुखत नाहीत. पण स्विमिंग आठवड्यातून दोन-तीन दिवस होणार, बाकीच्या दिवशी खांब. आणि गोव्यात राहून पोराला पोहता येत नाही हे तसंही बरं नाही.

वजनकाटा

मी सरकारी आरोग्य केंद्रात नर्स आहे, शाळा तपासणीला जाते म्हणून लिहिते. डॉक्टर नाही, तपासणीला पर्याय म्हणून घेऊ नका.

आधी ते सोडण थांबवा!! मानेचा तो काळा मखमली पट्टा मळ नाही. काखेत, जांघेतही बघा. अकँथोसिस म्हणतात त्याला, बऱ्याचदा शरीरात इन्शुलिन जास्त बनतंय आणि नीट काम करत नाहीये याची ती खूण असते. कितीही घासा, जाणार नाही, उलट कातडी सोलवटेल. आमच्याकडे दर तपासणीला दोन-चार पोरं अशी येतात, मान घासून घासून लाल, आणि आई सांगते सिस्टर हा मळ जातच नाही. मुलांच्या डॉक्टरांकडे न्या, बीपी, साखर, लिव्हरची टेस्ट, कोलेस्टेरॉल एवढं ते बहुतेक सांगतील. रात्री घोरतो का, झोपेत श्वास अडकल्यासारखा होतो का तेही त्यांना सांगा. थायरॉइडचा संशय सगळ्यांना येतो, पण उंची छान वाढत असेल तर सहसा कारण ते नसतं.

चढावर तोंड लाल होणं, धाप लागणं यात घाबरण्यासारखं काही नाही. पण धावताना छातीत दुखलं, चक्कर येऊन पडला, शिट्टीसारखा श्वास वाजला किंवा खेळून झाल्यावर खोकल्याची उबळ येते असं असेल तर आधी डॉक्टर, मग सरांचे खांब.

४६ किलोला १४० सेंमी म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) साधारण २३.५ येतो. मोठ्या माणसाच्या तक्त्यात हे अगदी काठावर दिसतं म्हणून घरचे म्हणतात कुठे जाड आहे. मुलांचा तक्ता वेगळा, वयाप्रमाणे आणि मुलगा-मुलगी वेगळा, आपल्याकडे आयएपीचे (मुलांच्या डॉक्टरांच्या संघटनेचे) २०१५ चे चार्ट वापरतात, आणि दहा वर्षांसाठीची रेष बरीच खाली असते. तुमचा मुलगा तिच्या वर आहे. घरच्या घरी एक करून बघा, त्याच्या उंचीएवढी सुतळी कापा, अर्धी दुमडा, बेंबीच्या पातळीवर कमरेला गुंडाळा. टोकं जुळली तर ठीक. नाही जुळली तर पोटावर चरबी जास्त आहे. पण हे त्याच्यावर खेळासारखं करा, आधी बाबांवर करा, सगळ्यांवर करा, फक्त त्याच्यावर नको.

डाएट हा शब्द घरात नको. या वयात बऱ्याच मुलांचं वजन उतरवायचं नसतं, थांबवायचं असतं. वयात येण्याआधी मुलं वर्षाला ५-६ सेंमी वाढतात. वजन ४६ वरच राहिलं आणि उंची १४६ झाली तर तोच आकडा २१.६ वर येतो, काही न सोडता. पाव बंद करून काय होणार? सकाळचा एक उंडो (गोल पाव) आणि पातळ भाजी याने कोणी असं होत नाही, फार वाटलं तर पोई घ्या, कोंड्याची असते. मला सांगा ट्यूशनला जाताना दप्तरात काय असतं? पाकिटातला ज्यूस आणि चिप्स असणार. तेवढं काढा, त्याजागी नाचण्याची तिझान (गोड पेज), चणे, केळं, काहीही. आणि मोबाइल बघत जेवण बंद, सगळ्यांचं, तुमचंही. रात्री ९ ते ११ तास झोप लागते या वयाला.

चष्म्याचं म्हणाल तर लागलेला नंबर खेळून उतरत नाही. पण रोज दोनेक तास उघड्यावर उजेडात घालवणाऱ्या मुलांना मुळात चष्मा लागायचं प्रमाण कमी असतं, म्हणून धाकटं कोणी असेल तर त्यालाही बरोबर बाहेर काढा.

त्याने विचारलेल्या प्रश्नाला झोप म्हणू नका हो. सांगा की सवय नाही म्हणून बसलास. ते खोटंही नाही.

वाळपईची_बाय

मध्येच घुसते. माझी मुलगी १३ ची, खो-खो खेळते, दोन महिने झाले गुडघ्याच्या वाटीखाली हाडाला टेंगूळ आल्यासारखं आणि दाबलं की दुखतं. सासरे म्हणतात खेळ बंद कर, मुलीच्या जातीला कशाला. सर काही सांगाल का?

शिट्टीवाले_सर

बंद करू नका. वाढत्या वयात उड्या-धाव जास्त झाली की मांडीच्या स्नायूची दोरी गुडघ्याखालच्या कोवळ्या हाडाला ओढते, तिथे टेंगूळ येतं. ऑस्गुड-श्लाटर असं अवघड नाव आहे. डॉक्टरांना दाखवून खात्री करा. सहसा काही आठवडे उड्या आणि पाटीवरून सुटणं कमी, खेळून झालं की बर्फ, मांडीचे स्ट्रेचिंग, आणि वाढ पूर्ण झाली की दुखणं जातं. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं किंवा ताप, सूज असेल तर मात्र थांबू नका. आणि सासऱ्यांना सांगा, मुलींची हाडं याच वयात भरतात, ती भरायची तर उड्या लागतात. खो-खो सोडलेल्या मुली मी बघितल्यात, बारा-तेराला पाळी सुरू झाली की एकेक करून मैदानाच्या कडेला स्वेटर घालून बसायला लागतात, मग कधी उठत नाहीत.

आजी_ऑनलाइन

नातीने हे टाइप करून दिले आहे. मी ६८ वर्षांची. तुम्ही सगळे खांब आणि सुतळी सांगता, चवथीला घरात फुगडी नव्हती का? पायाचे अंगठे जुळवायचे, हात तिढ्याने धरायचे, मागे रेलायचे आणि फिरायचे, तोंडाने फू फू. दोन मिनिटे घालून दाखवा कोणीही, मग मला स्टॅमिना सांगा. आमच्या मांडावर (गावच्या नाचाच्या अंगणात) पौषात धालो, म्हणजे बायकांचा नाच, रात्रभर चालायचा, दुसऱ्या दिवशी परत भाताला पाणी. मुलग्यांनी फुगडी घालू नये असे शास्त्रात कुठे आहे? सोपा असो की फ्लॅटचा हॉल, पाऊस असला तरी जमते, सोसायटीचा माणूस वर येणार नाही (आला तर त्यालाही धरा).

पावसाचे एवढे काय? आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी माशेलला देवकीकृष्णाच्या मैदानात चिखलकालो असतो, अंगाला तेल लावून बापये आणि पोरे चिखलात लोळतात, एकही आजारी पडत नाही. पुढच्या वर्षी घेऊन जा त्याला. कपडे फुकट जातील, जाऊ देत.

डिचोलकर_७७

आजी जिंकल्या. बरं, मी वर फटकन लिहिलं, पण सर बोलले म्हणून विचार करत होतो. माझ्या मुलाला मी नवव्या वर्षी फुटबॉलला घातलेलं, गोव्याचा खेळ म्हणून, गल्लीत सगळे म्हणायचे याची उंची बघता गोलकीपर होणार, दुसरा ब्रह्मानंद. (आमच्या ताळगावचे ब्रह्मानंद शंखवाळकर, भारताचे कॅप्टन होते, नव्या पोरांना माहीत नसेल.) कोचिंग कुठलं ते सांगत नाही. तिथे चांगली पंधरा पोरं खेळायची आणि बाकीची बाकावर. दोन वर्षं मी त्याला गाडीने सोडलं, आणलं, शूज घेतले, आणि एक दिवस लवकर गेलो तर बघतो हा पठ्ठ्या बाकावर बसून दुसऱ्यांच्या पाण्याच्या बाटल्या सांभाळतोय. दोन वर्षांत किती धावला असेल देव जाणे. बाराव्या वर्षी सोडलं, आता सतराचा आहे, काही खेळत नाही. म्हणून ताई, फुटबॉलला घाला पण आधी दोन दिवस कंपाउंडच्या बाहेर उभं राहून बघा, तासातली किती मिनिटं सगळी पोरं हलतात ते घड्याळ लावून मोजा. सर्टिफिकेट आणि जर्सी सगळेच देतात.

शिट्टीवाले_सर

डिचोलकर, हे वर लिहायला हवं होतं, शेताचं नको. आणि सतरा म्हणजे काय संपला का तो? लगोरी खेळायला बोलवा त्याला. २०२३ ला गोव्यात राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा झाल्या तेव्हा लगोरीचंही प्रात्यक्षिक ठेवलं होतं, लोक हसले. सात चपटे दगड आणि एक चेंडू, बाकावर कोणी बसत नाही.

कुर्टीची_आई

पाच आठवड्यांनी परत लिहितेय, सगळ्यांना खरंच थँक्यू.

सुतळी केली. नवऱ्याची सगळ्यात आधी, त्याची वीतभर कमी पडली, घरात हसून हसून पुरेवाट. मुलाची चार बोटं कमी. माझी सांगत नाही. डॉक्टरांकडे गेलो, साखर आता ठीक आहे, लिव्हरचा एक आकडा थोडा वर, सहा महिन्यांनी परत बघू म्हणाले. सासूबाईंना मान मळ नाही हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकवलं तेव्हा पटलं, रात्री त्याला जवळ घेऊन तेल लावत बसल्या होत्या, बोलल्या काही नाहीत. चढाचं मी त्याला सिस्टरनी सांगितलं तसंच सांगितलं. त्यावर म्हणतो मग तिला कशी सवय आहे, ती तर सातचीच आहे. म्हटलं ती रोज शाळेत चालत जाते.

जिम रद्द. स्विमिंग शनिवार-रविवार, नाकात पाणी जातं म्हणून पहिले चार दिवस रडारड, आता बाहेर निघायला तयार नाही. खांबांचं मात्र सोपं गेलं नाही. पहिल्या आठवड्यात तीन दिवस पाऊस, एक दिवस ट्यूशनची टेस्ट, एक दिवस मलाच कंटाळा. मग नवऱ्याने ऑफिसात बोलून सोमवार-बुधवार-शुक्रवार लवकर निघायचं ठरवलं आणि तो स्वतः धावायला लागला, तिथून गाडी सुरू झाली. कारण बाबा दुसऱ्या खांबाला थांबतात आणि मुलगा पुढे जाऊन मागे वळून बघतो, हे त्याला जाम आवडलंय. आरती म्हणायला लावलं तर पहिल्या कडव्यात हसू येतं म्हणून आता पाढे म्हणतात. बिल्डिंगमधली दोन पोरं आणि एक मुलगी आपणहून खाली यायला लागली. पाऊस असेल तर हॉलमध्ये फुगडी, सोसायटीचा नाही पण खालच्या मजल्यावरच्या काकी आल्या वर, आधी भांडायला, मग आम्हाला पाय चुकताहेत म्हणून दाखवायला. आजी, तुमचीच कृपा.

दप्तरातला ज्यूस बंद, चिप्स आठवड्यातून एकदा अजून आहेत, मोबाइल दुपारचा पूर्ण सुटला नाही, खोटं कशाला बोलू. वजन ४६.४. आता एक धाव एक चाल चालू आहे, चौदा खांब होतात. सगळ्यांना नावं ठेवलीत त्याने, वाकडा, लाइट नसलेला, बेकरीचा. सातव्या खांबाशी एक काळा कुत्रा बसलेला असतो, तिथे दोघं सगळ्यात जोरात पळतात.

शिट्टीवाले_सर

छान! फक्त कुत्र्याच्या खांबाला पळायचं नाही, पळणाऱ्याच्या मागे तो लागणारच. सहाव्यापासून आठव्यापर्यंत चाल धरा, त्याच्याकडे टक लावून बघू नका, आणि नववा-दहावा जोडून धावा.